ऑडिटला लागतं

आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली ती दोर तुटला म्हणून नाही, वीज गेली म्हणूनही नाही. ती केवायसीमुळे बंद पडली. लिफ्टच्या देखभालीचं वर्षाचं कंत्राट संपलं होतं, नव्या वर्षाचा चेक आम्ही दिला होता, तो परत आला. कारण लिहिलं होतं, 'डेबिट फ्रीझ'. लिफ्ट कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "पैसे आले की मेकॅनिक येईल."

"अहो, पैसे आहेत खात्यात. भरपूर आहेत."

"असं सगळेच म्हणतात," तो म्हणाला.

डेबिट फ्रीझ म्हणजे खात्यात पैसे येऊ शकतात, बाहेर जाऊ शकत नाहीत. सभासदांचा मेंटेनन्स बिनदिक्कत जमा होत होता, पण वॉचमनचा पगार, पाण्याच्या पंपाचं बिल, जिन्यातल्या दिव्यांचं बिल, सगळं दाराशी तुंबलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या आजी गुडघे धरत खाली आल्या, बाकावर बसल्या आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "हा केवायसी राहतो कुठे? एकदा चहाला बोलावून मिटवून टाका ना."

मिटवायची जबाबदारी माझी होती, कारण मी खजिनदार. खजिनदार कसा झालो तेही सांगतो, कारण तसा कोणी आपणहून होत नाही. वार्षिक सभेत जमाखर्चाच्या पत्रकातली बेरजेची चूक मी उभं राहून दाखवली. टाळ्या वाजल्या. त्या कौतुकाच्या आहेत असं मला वाटलं. टाळ्या थांबायच्या आत सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला आणि मी बिनविरोध निवडून आलो. मावळते खजिनदार त्याच रात्री दप्तर घेऊन घरी आले. इतक्या आनंदाने घर रिकामं करताना मी कोणाला पाहिलेलं नाही. चहालासुद्धा थांबले नाहीत.

आमचं खातं एका सहकारी बँकेत आहे. शाखा डोंबिवलीत, आमच्याच रस्त्यावर, डेअरीच्या वर. काउंटरवरच्या मॅडम मला कित्येक वर्षं ओळखतात. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी दोन वेळा मठ्ठा मागून घेतला होता. त्यांनी स्क्रीनवर पाहिलं आणि चेहरा दुःखी केला.

"सोसायटीचं केवायसी संपलंय काका."

"संपलंय म्हणजे? सोसायटी तीच आहे, तिथेच आहे. या खिडकीतून दिसते बघा."

मॅडमनी मान वळवून खरंच पाहिलं. "दिसते. पण पुरावा लागतो."

"तुम्ही मला ओळखत नाही का?"

"मी ओळखते हो. पण ओळखते असं फाइलला लावता येत नाही. ऑडिटला कागद लागतो."

हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नंतर ते इतक्या वेळा ऐकलं की रात्री झोपेत कूस बदलताना मी ते पुटपुटतो, असं घरातून सांगण्यात येतं.

कागदांची यादी मॅडमनी तोंडपाठ म्हटली. नोंदणी प्रमाणपत्र, उपविधी, सोसायटीचं पॅन, कमिटी निवडून आल्याचा ठराव, खातं कोणी चालवायचं याचा वेगळा ठराव, सह्या करणाऱ्यांचं पॅन, आधार, फोटो. आधारवरचे पहिले आठ आकडे काळे करून आणायचे.

"काळे का करायचे?"

"कोणाला दिसू नयेत म्हणून."

"मग द्यायचं कशाला?"

"ऑडिटला लागतं."

घरी जाऊन मी स्केचपेनने आठ आकडे काळे केले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो कागद उजेडाकडे धरला, त्यातून आकडे आरपार वाचले, मनाशी जुळवून पाहिले आणि म्हणाल्या, "दिसतायत अजून. परत काळे करा."

मग शिक्का. प्रत्येक पानावर सोसायटीचा गोल शिक्का हवा. आमचा चौकोनी. 1989 साली सोसायटी नोंदवली तेव्हा बहुधा चौकोनी स्वस्त मिळाला असावा. छत्तीस वर्षं त्या चौकोनावर सोसायटी चालली, पाइपलाइन बदलली, बिल्डरवर केस केली आणि जिंकली. आता गोल करून घेतला. शिक्केवाल्याने विचारलं, "बँकेसाठी का?" त्याच्या धंद्याला या केवायसीने चांगले दिवस आलेले दिसले.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ग्राहकाच्या जोखमीवर केवायसीची मुदत ठरते. जास्त जोखीम असेल तर 2 वर्षांनी, मध्यम असेल तर 8 वर्षांनी आणि कमी असेल तर 10 वर्षांनी. आमची जोखीम कोणती ते मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मध्यम." मला वाईट वाटलं. सोळा फ्लॅटांची सोसायटी, तीत निम्मे निवृत्त. आमच्याकडे सगळ्यात मोठा संशयास्पद व्यवहार म्हणजे दर गणपतीला उरणारी वर्गणी. सचिवांना मात्र ही बातमी सांगितली तेव्हा ते खुलले. "म्हणजे अगदीच कोणी नाही असं धरत नाहीत आपल्याला," ते म्हणाले.

सगळे कागद गोल शिक्क्यानिशी जमा झाले आणि मग मॅडमनी तो एक पानी फॉर्म पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'अंतिम लाभार्थी मालक'.

"हे काय?"

"सोसायटीचा खरा मालक कोण, ते लिहायचं."

"सोसायटीला मालक कसा असेल? सहकारी आहे ना. सगळेच मालक. म्हणजे कोणीच नाही."

"तसं नाही चालत काका. कंपन्या, ट्रस्ट, संस्था यांच्या मागे लपून कोणी पैसे फिरवतं का, ते बघायचं असतं. भांडवलात ज्याचा 15 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा असेल तो लाभार्थी मालक."

मी हसलो. आमच्याकडे प्रत्येक फ्लॅटमागे 50 रुपयांचे दहा शेअर. म्हणजे 500 रुपये. सोळा फ्लॅटांचं एकूण भागभांडवल 8,000 रुपये. एवढ्या भांडवलामागे लपून काळा पैसा फिरवायचा तर लपणाऱ्याला पोट आत घ्यावं लागेल. एका फ्लॅटचा वाटा सव्वासहा टक्के. पंधराच्या वर जाणार कोण?

आणि मग माझं हसू गेलं. आमच्याकडे एक सभासद आहेत त्यांचे तीन फ्लॅट आहेत. एकात राहतात, एक भाड्याने दिलाय, एक नुसताच बंद आहे आणि त्यातून खालच्या मजल्यावर गळतं. तीन फ्लॅट म्हणजे 1,500 रुपये. 8,000 पैकी 1,500. पावणेएकोणीस टक्के.

"मॅडम, हा माणूस सोसायटीचा सगळ्यात मोठा थकबाकीदार आहे. दिवाळीपासून एक पैसा दिलेला नाही."

"थकबाकीदार वेगळं, मालक वेगळं. एकच माणूस दोन्ही असू शकतो." मग इकडेतिकडे बघून हळूच, "बँकेत बघतो ना आम्ही."

तर त्या माणसाचं पॅन, आधार आणि फोटो आणायला मला त्याच्या दारात जावं लागलं. एरवी मी जिन्यात दिसलो की हे गृहस्थ मोबाइल कानाला लावतात. तो वाजलेला नसतो. मी मात्र त्या दिवशी वसुलीसाठी नाही, त्यांना मालक जाहीर करण्यासाठी आलो होतो. त्यांनी मला बसवलं. चिवडा आला. फॉर्म त्यांनी चष्मा लावून, बोट फिरवत, दोनदा वाचला.

"अंतिम म्हणजे?"

"म्हणजे शेवटचा. तुमच्यावर कोणी नाही."

"हं," ते म्हणाले आणि सोफ्यावर जरा मागे रेलले. "आणि नक्की काय काय माझं?"

अध्यक्षांना हे कळलं तेव्हा ते दुखावले. अकरा वर्षं ते अध्यक्ष आहेत, स्वातंत्र्यदिनाला झेंडा तेच लावतात. "मग मी कोण?" त्यांनी विचारलं. मी मॅडमना विचारून आलो. कोणी लाभार्थी मालक सापडलाच नसता तर नियमाप्रमाणे संस्थेतल्या सर्वांत वरिष्ठ पदाधिकाऱ्याला धरलं जातं, म्हणजे अध्यक्षांना. थोडक्यात, ते राखीव खेळाडू होते. हे मी त्यांना जरा मऊ शब्दांत सांगितलं, तरी ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एवढं होईपर्यंत मला एक शंका छळू लागली होती. हे सगळं नक्की कोणाला लागतं? शाखेत कोपऱ्यात एक टेबल होतं. त्यावर व्हाउचरचा ढीग आणि ढिगामागे एक मुलगा, फार तर बावीसचा. एका कानात इअरफोन. समोर ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. सहकारी बँकेत वर्षाकाठी अंतर्गत ऑडिट असतं, वैधानिक ऑडिट असतं, संगणकप्रणालीचं ऑडिट असतं, वरून रिझर्व्ह बँकेची तपासणी असते. आणि या सगळ्यांच्या मधल्या काळात बँकेला एकटं वाटू नये म्हणून रोजच्या रोज चालणारं समवर्ती ऑडिट असतं. ते हा मुलगा करत होता. एका सीएकडे आर्टिकलशिप करणारा. ज्यांच्या केबिनबाहेर कर्जदार तासतास बसतात ते शाखाधिकारी त्याच्या टेबलाजवळ उभे होते, शाळेत उभं राहतात तसे.

"सर, या फॉर्मवर तारीख आहे, पण शिक्का तारखेवर बसलाय."

"हो का? लगेच बघतो."

"आणि तो फिनाइलचा खर्च. व्हाउचर आहे, बिल नाही."

"मिळवतो. चहा घेणार?"

मुलाने व्हाउचर उचललं तेव्हा त्याखालचं पुस्तक मला दिसलं. त्याची स्वतःची परीक्षा जवळ आली असणार, कारण ते ऑडिटिंगचंच होतं, पिवळ्या शाईने पानंच्या पानं रंगवलेली. शाखाधिकारी आत गेल्यावर मी जवळ सरकलो.

"बाळा, एक विचारू? हा सोसायटीचा गोल शिक्का तुला खरंच लागतो?"

"मला?" त्याने इअरफोन काढला. "मला कशाला? आमच्या सरांच्या चेकलिस्टमध्ये आहे."

"सरांना लागतो?"

"सरांना नाही. रिझर्व्ह बँकेची तपासणी येते ना, ते विचारतात."

"ते खरंच शिक्का विचारतात?"

"माहीत नाही काका. अजून कोणी विचारलेला नाही. पण विचारला तर?"

हे 'पण विचारला तर' मला फार आवडलं. मॅडम शाखाधिकाऱ्यांना घाबरतात, शाखाधिकारी या बिस्किटवाल्याला घाबरतात, हा त्याच्या सरांना, सर रिझर्व्ह बँकेला. रिझर्व्ह बँकेतही कोणीतरी कोणालातरी घाबरत असेलच. मी मात्र या रांगेत सगळ्यात खाली. मला घाबरणारं कोणी नाही, लिफ्टवालासुद्धा नाही.

शाखाधिकारी निवृत्तीला आलेले. भला माणूस. मला केबिनमध्ये बसवून त्यांनी दार लोटलं. "तुम्हाला वाटतं आम्ही मुद्दाम छळतो," ते म्हणाले. "अहो, सहकारी बँक म्हणजे दोन सासवांची सून. 1966 पासून एका हाताला सहकार खातं, दुसऱ्या हाताला रिझर्व्ह बँक. 2020 साली कायदा बदलला आणि रिझर्व्ह बँकेचं घरात जास्त चालायला लागलं. पण पहिली सासू गेली थोडीच? ती पण खोकते अधूनमधून."

"पण ऐकलं की नियम कमी केलेत."

त्यांनी ड्रॉवर उघडला, बंद केला. "केले ना. 28 नोव्हेंबर 2025. नऊ हजारांवर जुनी परिपत्रकं एका दिवसात रद्द केली आणि त्यांची 244 मोठी निर्देशपत्रं केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं मत वेगळं आहे. नऊ हजार होती तेव्हा सगळी वाचली असतील अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. काही राहिलं तर म्हणायची सोय होती, की नजरेतून सुटलं असेल. आता हेड ऑफिस म्हणतं, फक्त 244 तर आहेत, वाचून टाका."

मला त्यांची कीव आली. पण राग पूर्ण गेला नाही, आणि त्याचं कारण पीएमसी बँक. सप्टेंबर 2019 मध्ये त्या बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढायची परवानगी होती. मुंबई-ठाण्याकडच्या कितीतरी सोसायट्यांचे पैसे तिथे अडकले. आमच्या सचिवांच्या मेहुण्यांच्या सोसायटीचेही. त्यांच्याकडे तेव्हा रंगकाम निघालेलं, अर्धी इमारत गुलाबी, अर्धी जुनी, तशीच राहिली. तपासात निघालं की एका बांधकाम समूहाची कर्जं दडवायला 21,000 हून जास्त बनावट खाती दाखवली होती. एकवीस हजार! त्यातल्या एकाचाही शिक्का कोणी उजेडाकडे धरून पाहिला नसेल? आणि आमचे चौकोनी तेवढे पकडले. अर्थात त्यानंतर ठेवींचं विमासंरक्षण फेब्रुवारी 2020 पासून 1 लाखावरून 5 लाख झालं, हे मान्य करायला हवं. काही जणांचं नशीब इतरांच्या रंगकामावर उघडतं.

"तुम्ही ऑनलाइन का नाही करत?" शाखाधिकाऱ्यांनी विचारलं. "आता सगळं डिजिटल आहे."

आमची नेटबँकिंगची सोय आहे. त्यात एक मेकर आणि एक चेकर असतो. मेकर पैसे पाठवायचं ठरवतो, चेकर ते खरोखर पाठवतो. मेकर मी. चेकर आमचे माजी सचिव, जे मुलाकडे न्यू जर्सीला गेलेत आणि नातवंडं सोडत नाहीत म्हणून तिथेच आहेत. मी सकाळी अकराला वॉचमनचा पगार भरला की तिकडे मध्यरात्री त्यांचा फोन टुंग करतो. ते अंथरुणात उठून बसतात, चष्मा शोधतात, ओटीपी वाचेपर्यंत त्याची मुदत संपते. मग मी पुन्हा पाठवतो. पुन्हा टुंग. त्यांच्या सूनबाईंनी एकदा मला फोन करून अतिशय सभ्य आवाजात विचारलं, की तुमचा वॉचमन नक्की कोण आहे.

"मग चेकर बदला," शाखाधिकारी म्हणाले.

"बदलायचाय. त्यासाठी अर्ज ऑनलाइनच करायचाय. तो मंजूर व्हायला जुन्या चेकरचा ओटीपी लागतो."

शाखाधिकारी गप्प झाले. मग म्हणाले, "कागदी फॉर्म आणा."

शेवटी चेकच बरा, असं मी ठरवलं. तिथेही प्रगती पोचलेली आहे. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर वटत राहतात. सकाळी भरलेला संध्याकाळपर्यंत पास. पूर्वी चेक आज द्यायचा आणि पैसे परवा भरायचे, ही मध्यमवर्गाची जी एक पिढीजात कला होती, ती एका फटक्यात मेली. शिवाय 50,000 च्या वरच्या चेकला पॉझिटिव्ह पे. म्हणजे चेकवर नाव, रक्कम, तारीख लिहायची, सही करायची आणि मग बँकेला वेगळं कळवायचं, की हा चेक मी लिहिला आहे, त्यावर अमुक नाव, अमुक रक्कम, अमुक तारीख आहे. ॲपमध्ये दोन सह्यांच्या खात्याला हे जमत नाही, म्हणून त्याचाही कागदी फॉर्म आहे. रंगाऱ्याला मी चेक दिला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, रोख दिले असते तर आत्तापर्यंत दुसरा हात मारून झाला असता."

तर सगळे कागद झाले आणि मॅडम सिस्टीममध्ये भरायला बसल्या. नवीन सॉफ्टवेअर. त्यात लाल चांदणी असलेली चौकट रिकामी ठेवली तर पुढचं पान उघडत नाही. सोसायटीचा ग्राहकप्रकार जुन्या सिस्टीममधून नव्यात येताना 'व्यक्ती' झाला होता. तो बदलायचा अधिकार हेड ऑफिसला, आणि हेड ऑफिसचा फोन लागत नव्हता.

"जन्मतारीख?" मॅडमनी विचारलं.

"कोणाची?"

"सोसायटीची. नोंदणीची तारीख टाकते." टकटक. "वैवाहिक स्थिती?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"शेजारच्या सोसायटीशी एकत्रित पुनर्विकासाचं बोलणं चाललंय," मी म्हटलं. "पण अजून काही ठरलेलं नाही."

"मग अविवाहित." टकटक. "आईचं नाव?"

"मॅडम, बिल्डरने तर टाकलंच आम्हाला."

"काहीतरी सांगा हो काका, लाल चांदणी आहे. लंच टाइम होतोय."

मी आमच्या चाळीच्या मूळ मालकीणबाईंचं नाव सांगितलं, ज्यांची जागा पाडून ही इमारत उभी राहिली. ते पान उघडलं. दुसऱ्या दिवशी खातं मोकळं झालं, लिफ्टवाला आला, आजी वर गेल्या. बँकेचा मेसेजही आला. बँकांची संकेतस्थळं आता डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर गेली आहेत, त्याबद्दल. 'कोणत्याही मेसेजमधल्या लिंकवर क्लिक करू नका. आमचा नवा पत्ता पाहण्यासाठी या लिंकवर क्लिक करा.'

त्यानंतरच्या वार्षिक सभेत लाभार्थी मालकांनी हात वर केला. हातात बँकेच्या फॉर्मची प्रत, लॅमिनेट केलेली. "मी वाद घालत नाही," ते म्हणाले. "फक्त नोंद करून घ्या, बँकेच्या लेखी अंतिम मालक मी आहे. तेव्हा कोपऱ्यातलं झाकलेलं पार्किंग कोणाचं, याचा एकदा विचार व्हावा."

"आधी थकबाकी भरा," मी म्हटलं.

"पावत्या दाखवा मागच्या."

"तुम्ही भरलेत असं तुम्ही म्हणता, तर पावत्या तुम्ही दाखवा. ऑडिटला लागतं."

सभेत शांतता पसरली. सोळा घरांतले लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होते. अखेर मला घाबरणारं कोणीतरी मिळालं होतं. त्या आठवड्यात त्यांनी निम्मी थकबाकी भरली, चेकने, पॉझिटिव्ह पेसकट.

आणि मग परवा दुपारी फोन आला. गोड आवाज.

"श्री गृहनिर्माण संस्था मर्यादित बोलताय का सर?"

"बोलतोय," मी म्हटलं. एवढ्या महिन्यांनंतर नाही म्हणवेना.

"सर, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आमच्या रेकॉर्डप्रमाणे आपण अविवाहित आहात, खात्यात शिल्लकही छान आहे. आपल्यासारख्या एकट्या ग्राहकांसाठी आमची मुदत ठेवीची खास योजना आहे. आपल्यावर अवलंबून कोणी आहे का सर?"

"सोळा फ्लॅट, एक वॉचमन आणि पंप."

"अरे वा, मोठं कुटुंब आहे! मग नॉमिनेशन लावूनच टाका सर. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाला किती टक्के तेही ठरवता येतं. कोणाकोणाची नावं घेऊ?"

"तीन सावकाश सांगतो," मी म्हटलं. "चौथ्याचं आत्ताच लिहून घ्या. पावणेएकोणीस टक्के."